भिंत वाळेपर्यंत

मागच्या अंगणातल्या खोलीच्या उत्तरेकडच्या भिंतीवर पेन्सिलीच्या बारीक आडव्या रेघा होत्या. पावसाळा संपला की ओल जिथपर्यंत चढली असेल तिथे रत्नमालाबाई दरवर्षी एक रेघ मारत आणि शेजारी साल लिहीत. ओलीची कड सरळ नसते. ती नकाशातल्या किनाऱ्यासारखी वाकडीतिकडी जाते आणि तिच्या वरच्या अंगाला खाराची पांढरी पूड फुटते. त्यामुळे रेघ नेमकी कुठे मारायची, हा प्रश्न दरवेळी असे. खार जिथे संपतो तिथे मारायची, असे त्यांनी पहिल्या वर्षीच ठरवून टाकले होते. २००८ची रेघ सगळ्यांत वर होती, खिडकीच्या चौकटीला टेकलेली.

खोली त्यांचे पती शामुवेल समुद्रे यांची. ते पोस्टात होते, पण संध्याकाळी घरी आले की जिल्ह्यातल्या चर्चांच्या बिघडलेल्या हार्मोनियम दुरुस्त करत. ते वारल्यापासून खोलीला कुलूप होते. आत एक स्टूल, एक लांब टेबल, भात्याच्या कातड्याचे तुकडे आणि एक मोरी. मुलगा सुहास पुण्याला. रत्नमालाबाई मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि चर्चच्या पंचांमध्ये त्या एकट्याच बाई होत्या. सभेत त्या क्वचित बोलत. जे ठरेल ते मात्र काटेकोर पाळत.

दिगल कुटुंब चर्चमध्ये आले ते सप्टेंबरच्या मध्यावरच्या एका रविवारी. पबित्र दिगल हा शिरोलीच्या एका फौंड्रीत साचे भरायचे काम करणारा ओडिया माणूस. तो कित्येक वर्षे अधूनमधून मागच्या बाकावर येऊन बसत असे आणि उपासना संपताच निघून जात असे. त्याचे नाव कोणी विचारले नव्हते. त्या रविवारी मात्र त्याच्याबरोबर त्याची बायको सुकांती, सहा-सात वर्षांची मुलगी लिली आणि म्हातारी आई जेमा होती, आणि चौघांना पुढे बोलावून पाळक चोपडे यांनी मंडळीला ओळख करून दिली. कंधमालमध्ये ख्रिस्ती वस्त्या जाळल्या गेल्या होत्या. पेपरात येत होते. या तिघी जंगलातून चालत निघाल्या, काही दिवस छावणीत काढले आणि रेल्वेने पबित्रकडे आल्या. घर गेले होते, त्यांचे छोटे चर्चही गेले होते. गावात परत यायचे तर धर्म सोडून या, असा निरोप मागून आला होता. हे ऐकताना लोकांनी डोळे पुसले.

मग गीत सुरू झाले. चाल जुनी, मिशनऱ्यांनी सगळीकडे नेलेली. म्हातारी स्त्रियांच्या बाजूला शेवटच्या बाकावर बसली होती, रत्नमालाबाईंच्या मागे. तिला मराठी येत नव्हते, पण चाल ऐकताच तिने आपल्या भाषेतले शब्द गायला सुरुवात केली. आवाज पातळ होता आणि सुरात होता. शब्द वेगळे असले तरी ओळी एकाच ठिकाणी संपत होत्या, हे रत्नमालाबाईंच्या लक्षात आले.

पुढच्या महिन्याचा पहिला रविवार प्रभुभोजनाचा. या मंडळीत एक जुनी रीत होती. परगावाहून आलेल्या माणसाने आपल्या आधीच्या मंडळीचा दाखला आणायचा, तो पंचांपुढे वाचला जायचा आणि मगच त्याला प्रभुभोजनात भाग मिळायचा. जयसिंगपूरहून सून आली तरी तिच्याबरोबर दाखला येई. दिगलांचा दाखला कुठून आणायचा? पाळकांनी ओडिशात पत्र धाडले होते. उत्तर आले नव्हते. ज्याने सही करायची तो पाळकच कुठल्या छावणीत आहे ते कळत नव्हते.

पंचांच्या सभेत जोतीरामआण्णा म्हणाले की थांबू या, पत्र येईलच की. आण्णांचा गूळ मार्केटात व्यवसाय होता आणि मंडळीत त्यांचा शब्द चाले. त्यांचे आजोबा दुष्काळात पोरके होऊन मिशनच्या आवारात आले होते. दर वार्षिक सभेत ते हे अभिमानाने सांगत. त्या पोराने कुठला दाखला आणला होता, हे कधी कोणी विचारले नव्हते, आणि त्या सभेतही विचारले नाही.

प्रभुभोजनाच्या दिवशी स्त्रियांच्या बाजूला तबक घेऊन जायचे काम रत्नमालाबाईंचे. त्या एकेका बाकापाशी थांबत शेवटच्या बाकाशी आल्या. सुकांतीने मान खाली घातली होती. तिला नवऱ्याने सांगून ठेवले असावे. जेमाला कोणी सांगितले नव्हते, किंवा सांगूनही तिला ते पटले नव्हते. तिने दोन्ही हात पुढे केले, उजवा डाव्यावर. रत्नमालाबाईंनी तबक आपल्याकडे ओढून घेतले आणि त्या वळल्या. तबकात भाकरीचे पुष्कळ तुकडे शिल्लक होते. म्हातारीला ते दिसले नसावे. भाकर संपली असे समजून ती समजुतीने हसली आणि हात पदराखाली घेतले.

उपासना झाल्यावर पाळकांनी रत्नमालाबाईंना व्हरांड्यात गाठले. फौंड्रीच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पबित्र आणखी आठ-दहा गड्यांबरोबर राहत होता. आता एका कोपऱ्याला साडीचा पडदा लावून त्यामागे हे चौघे. दारच नाही म्हणाले, आणि म्हातारीला दमा. तुमची मागची खोली रिकामी आहे ना, असे त्यांनी विचारले नाही. ते विचारायच्या आधी रत्नमालाबाईंनीच सांगितले.

“खोलीला फार ओल आहे. दम्याच्या माणसाला तिथे ठेवणं बरं नाही. भिंत वाळू दे.”

हे खोटे नव्हते. पाळकांनी मान हलवली आणि वाळली की सांगा म्हणाले. त्यांना चर्चच्या हॉलमध्ये ठेवायची गोष्ट पंचांपुढे निघाली तेव्हा आण्णांनी सरळच विचारले, “आज ही चार माणसं. उद्या अख्खं गाव आलं तर? हॉल म्हंजे काय धर्मशाळा हाय व्हय?” पुढच्या रविवारी पाळकांनी परक्याला घरात घेण्यावर प्रवचन केले. प्रवचन चांगले झाले, असे बाहेर पडताना सगळ्यांनी त्यांना सांगितले. आण्णांनीही सांगितले.

ऑक्टोबरात परप्रांतीयांविरुद्धच्या बातम्या रोज येऊ लागल्या. मुंबईकडे मारहाण झाली, पुण्याकडे स्टेशनवर गर्दी उसळली. कोल्हापुरात त्या मानाने शांत होते, पण शेडपाशी दोनतीनदा मोटारसायकलवरून पोरे येऊन शिव्या देऊन गेली. मग ठेकेदाराने पबित्रला बोलावून सांगितले की गडी राहू देत, बायकापोरं इथं नकोत. दिवाळी झाली की कोपरा मोकळा कर. दुसऱ्या दिवशी पबित्र सुटी घेऊन बायकोसह रत्नमालाबाईंच्या फाटकाशी आला. पत्ता पाळकांनी दिला होता.

त्यांनी कुलूप काढून खोली दाखवली. नाही म्हणणे त्यांना जमले नाही, आणि दाखवल्याने काही ठरत नाही असे त्यांनी मनाशी धरले. पबित्रची मराठी फौंड्रीत शिकलेली, अस्सल इथली होती. त्याने भिंतीला तळवा लावला, पेन्सिलीच्या रेघांकडे पाहिले.

“ही काय उंची मोजल्यासा पोरांची?”

“नाही. ओलीची.”

तो हसला. “आमच्या शेडात वरनं येतं पाणी, मॅडम. हितं खालनं येतंय. खालनं आलेलं बरं.” मग तो गंभीर झाला. “आई दारापाशी झोपंल. भिंतीला टेकणार न्हाई. आमी भाडं दिऊ.”

रत्नमालाबाईंनी भाड्याचा प्रश्न नाही म्हणून सांगितले. खिडकी उघडी ठेवून पंखा लावते, महिन्याभरात फरक पडेल, मग बघू. सुकांती दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती. मोरीपाशी जाऊन तिने नळ सोडून पाहिला, पाणी आल्यावर पटकन बंद केला आणि ओला हात केसांवरून फिरवला.

ते गेल्यावर शेजारच्या दानम्माआक्का कुंपणापाशी आल्या. त्यांचे घर लिंगायतांचे, आणि यजमान मृत्युंजय यांचे लक्ष्मीपुरीत भांड्यांचे दुकान. दोन घरांना पाण्याची लाइन एकच होती आणि त्यावरून तीस वर्षांत दोघींची तीनदा भांडणे होऊन तीनदा मिटली होती.

“कोन हुती ती?”

रत्नमालाबाईंनी सांगितले.

“भय्ये?”

“ओडिशाचे. ख्रिस्ती आहेत.”

“असूं देत की. माणसं वंगाळ असतील असं मी म्हणत न्हाई. पर बाई, कोन कुठली, उद्या पोरं दगड मारायला आली तर तुमच्या घराला मारतील आनि काच माझी फुटंल. आनि पाण्याचं काय? सकाळी अर्धा तास येतंय.” मग म्हणाल्या, “म्हातारी लई वाळल्याली हाय म्हणं. आमचा रुद्रेश सांगत हुता, शिरोलीला बघितली त्यानं.”

संध्याकाळी सुहासचा फोन आला. आईने सहज म्हणून विषय काढला. तो चिडला नाही; तो कधीच चिडत नसे. तू एकटी असतेस, पोलिसांत भाडेकरूची नोंद करावी लागते, या लोकांकडे कागद नसतात, आणि एकदा आलेले माणूस निघत नाही, असे त्याने क्रमाने सांगितले. चर्च काय करते आहे, असेही विचारले. त्याला उत्तर देताना रत्नमालाबाई म्हणाल्या की अजून भिंतही वाळलेली नाही.

खिडकी त्यांनी दोन दिवस उघडी ठेवली. तिसऱ्या दिवशी मांजर आत शिरले म्हणून बंद केली. पंखा लावायचा राहिला. रोज सकाळी त्या कुलूप काढून आत जात, ओलीची कड पाहत आणि कुलूप लावून बाहेर येत. कड हलत नव्हती. बंद खोलीतली ओल हलत नाही. हवा फिरल्याशिवाय पाणी उडत नाही. हा धडा त्यांनी आठवीच्या मुलींना दोन बश्या आणि एक झाकण घेऊन कितीतरी वर्षे शिकवला होता.

परतीचा पाऊस त्या वर्षी वाईट आला. दुपारी ढग गगनबावड्याकडून भरून येत आणि संध्याकाळी शहरभर ओतत. शिरोलीच्या शेडमध्ये पाणी शिरले. गडी मंडळी फौंड्रीच्या ओसरीला गेली, बायकांना तिथे जागा नव्हती; त्या शेडमध्येच राहिल्या. दिवाळीच्या आधल्या रविवारी जेमा चर्चमध्ये दिसली नाही. पबित्र म्हणाला, ताप हाय. रत्नमालाबाईंनी घरून जुनी शाल आणि वाफ घ्यायचे औषध पाठवले. लक्ष्मीपूजनाला दानम्माआक्कांकडून फराळाचे ताट आले. त्यातल्या करंज्या आणि चकल्या रत्नमालाबाईंनी डब्यात भरून रिक्षाने शिरोलीला नेऊन दिल्या. शेडच्या आत त्या गेल्या नाहीत. पबित्र बाहेर आला, डबा घेतला, आणि आई झोपलीय म्हणाला. खोलीविषयी त्याने काही विचारले नाही. त्याने विचारावे याची आपण वाट पाहत होतो, हे परतताना रिक्षात रत्नमालाबाईंच्या मनात आले.

दिवाळी सरता सरता जेमाला सरकारी दवाखान्यात नेले. न्यूमोनिया दोन्ही बाजूंना पसरला होता. गुरुवारी दुपारी ती गेली.

पंचांची सभा त्याच संध्याकाळी पाळकांच्या घरी भरली. दफनभूमीत मंडळीच्या सभासदांनाच जागा, असा नियम होता, आणि सभासद व्हायला दाखला लागे. पाळकांनी घसा साफ करून सुरुवात केली तोवर आण्णांनी हात वर केला. ते म्हणाले, “त्यात काय विचारायचं? आपली बहीण हाय ती. बकुळीखाली आमच्या घरच्यांसाठी धरून ठेवल्याली जागा हाय, ती द्या. पेटीचं मी बघतो.” ते मनापासून बोलत होते, त्यांचे डोळे भरले होते. कोणी हरकत घेतली नाही. दाखल्याचा शब्द कोणी काढला नाही. सभा चहा येण्याच्या आत संपली आणि सगळ्यांना हलके वाटले, हे त्यांच्या बोलण्यावरून कळत होते.

सकाळी रत्नमालाबाई पांढरी साडी नेसून निघाल्या तेव्हा दानम्माआक्का कुंपणापाशी होत्या. त्यांच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आणि झुणका होता.

“त्यांच्या घरात आज चूल पेटायची न्हाई. द्या हे.” त्यांनी गाठोडे वरून पुढे केले. “आमच्यातबी पुरत्यात, बसवून. तुमच्यात बसवून पुरत्यात का झोपवून?”

“झोपवून.”

“हां. दमल्याल्या माणसाला झोपवल्यालं बरं.” मग मागच्या अंगणाकडे हनुवटी करून त्यांनी विचारले, “ती काय त्या खोलीतच येणार हुती?”

रत्नमालाबाई हो म्हणाल्या.

“मग?”

“भिंत ओली होती.”

दानम्माआक्कांनी त्यांच्याकडे पाहिले आणि त्या घरात गेल्या.

दफनाला मंडळी मोठ्या संख्येने आली. इतकी माणसे प्रभुभोजनालाही येत नसत. कोणी शेवंतीचे हार आणले होते, कोणी लिलीसाठी नवा फ्रॉक. बकुळीखालची जमीन पावसाने मऊ झाली होती आणि खड्ड्याच्या कडा नीट कापलेल्या होत्या. चाल तीच जुनी लागली. मागून येणारा पातळ आवाज या वेळी नव्हता, आणि ओळ संपताना रत्नमालाबाई एक क्षण थांबल्या. पेटी खाली सोडली. खड्ड्याच्या भिंतींना ओल होती. तळाशी थोडे पाणी साठले होते. पबित्रने ते पाहिले. त्याने मूठभर माती टाकली, मग आणखी एक मूठ, जणू ते पाणी आधी बुजवायचे होते.

नंतर हॉलमध्ये चहा झाला. भाकऱ्यांचे गाठोडे रत्नमालाबाईंनी सुकांतीच्या पुढ्यात ठेवले. लिलीने एक भाकरी घेऊन तिचा पापुद्रा सोलला आणि खाऊ लागली. आण्णा पबित्रच्या शेजारी बसले, त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलायला सुरुवात केली.

ठेकेदाराशी त्यांचे बोलणे झाले होते. तो वाईट माणूस नव्हता, पण या आठवड्यात कोपरा मोकळा व्हायलाच हवा म्हणत होता. तेव्हा मंडळीने वर्गणी काढली होती. सुकांती आणि लिलीची सोमवारची तिकिटे काढली होती, भुवनेश्वरपर्यंत, आणि वाटखर्चही देणार होते. तिकडे सरकारी छावणीत खायची-राहायची सोय आहे. पबित्र इथेच कामावर राहील. “पावणं, तुमी काळजी करू नका,” आण्णा म्हणाले. “सगळं निवलं की बोलवून घ्या त्यास्नी.” त्यांनी खिशातून पाकीट काढून पबित्रच्या हातात दिले.

पबित्र प्रत्येक वाक्याला व्हय म्हणत होता. सुकांतीला शब्द कळत नव्हते, पण तिने पाकिटातून डोकावणारे रेल्वेचे तिकीट ओळखले. ती आपल्या भाषेत नवऱ्याशी काहीतरी बोलली, हळू आवाजात, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून. त्याने तिकिटे पाकिटात आत सारली. ती तेच पुन्हा म्हणाली.

“काय म्हणते आहे ती?” रत्नमालाबाईंनी विचारले.

“काय न्हाई मॅडम.”

“सांगा.”

त्याने पाकीट गुडघ्यावर ठेवले. “छावणी मोडायला लागल्यात म्हणती. शेजारनीचा फोन आलता. सगळ्यास्नी आपापल्या गावात धाडाय लागल्यात. आनि गावात जायचं तर…” गावात कोणत्या अटीवर जायचे ते पाळकांनी पहिल्याच रविवारी सगळ्यांना सांगितले होते. पाळक चोपडे आपल्या हातांकडे बघत होते. आण्णा म्हणाले की असं एकदम काही होत नसतं, सरकार आहे, आणि त्यांनी चहाचा कप उचलून पुन्हा तसाच खाली ठेवला.

रत्नमालाबाई उठून उभ्या राहिल्या. त्या सभेत उभ्या राहून कधी बोलत नसत, त्यामुळे सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिले.

“आण्णा, तिकिटं रद्द करा.”

“आता काढल्यात की ती, बाई. आनि ऱ्हायचं कुठं ह्यांनी?”

“माझ्या मागच्या खोलीत.”

“भिंत वाळली व्हय?” आण्णांनी विचारले. त्यात टोमणा नव्हता; त्यांना खरेच माहीत नव्हते.

“नाही,” रत्नमालाबाई म्हणाल्या. “ओलीच आहे. तिघंही आजपासून माझ्याकडे राहतील.”